पाणी निळं झालं म्हणून लाकूड बिबळ्याचं होत नाही

गेल्या आठवड्यात विट्याहून मामांचा फोन आला. "आरं, बिबळा घावलाय मला. बारा दिस झालं पाणी पितोय. गोळी बंद केली." बिबळा म्हणजे एक झाड, त्याच्या लाकडाचं पाणी लोक साखरेवर, म्हणजे मधुमेहावर, पितात. मामांची साखर पंधरा वर्षांची जुनी. मी कराडच्या वखारीत फळ्या मोजत होतो. माप तसंच टाकलं आणि गाडी काढली.

मामांना हे सुचवलं ते व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या एका मेसेजनं. 'कुठलंही लाकूड ओळखण्याच्या पाच अचूक खुणा', तुमच्याही गटात आला असेलच. त्यातल्या पाच खुणा अशा: पिवळं ते सागवान, लाल ते शिसव नाहीतर बिबळा. पाण्यात बुडेल ते शिसव. रेषा सरळ तर सागवान. साल खवल्यांची तर ऐन. आणि पाचवी, लाल लाकडाचा तुकडा रात्रभर पाण्यात ठेवा, पाणी निळं झालं तर तो बिबळा, सकाळी ते पाणी प्या, साखर मुळापासून जाईल, गोळ्या फेकून द्या.

पाचवीपासूनच सुरुवात करतो, कारण माणसं दगावतील ती हिच्यामुळं.

मामांच्या स्टीलच्या तांब्यात तळाशी वीतभर लांबीचा लालसर तुकडा होता आणि पाणी खरंच निळसर काळं झालं होतं. मी तुकडा बाहेर काढून पुसला. एका अंगाला गंजक्या खिळ्याचं टोक आत मोडून राहिलेलं आणि त्याच्याभोवती रुपयाएवढा शाईसारखा डाग. रस्त्याकडेच्या झाडांना क्लासच्या, प्लॉटच्या पाट्या ठोकतात, तसलाच खिळा. लाकडात टॅनिन, म्हणजे सालीत-लाकडात असणारं तुरट द्रव्य, भरपूर असलं आणि त्याला लोखंड भेटलं की निळी-काळी शाईच तयार होते. जुन्या काळी लिहायची शाई याच रसायनानं करत. मामा बारा दिवस ती शाई पीत होते.

बिबळ्याचं पाणीही निळं दिसतं, हे मला मान्य करावं लागतं. पण ते निळं वेगळं. बिबळ्याचं पाणी आरपार पाहिलं तर मधासारखं दिसतं आणि उन्हात, मागं काहीतरी गडद धरून पाहिलं तर वर निळी झाक चमकते. सावलीत नेलं की झाक मंदावते. मामांचं पाणी उन्हात, सावलीत, सगळीकडं तेवढंच काळं. आणि खरी झाक दिसली तरी 'बिबळाच' असं छातीठोक म्हणता येत नाही, कारण त्याच कुळातल्या फिलिपिन्सकडच्या नारा नावाच्या झाडाचं लाकूडही पाण्याला निळी झाक देतं.

तुकडा कुठून आणला विचारलं. त्यांच्या दुसऱ्या एका भाच्यानं रस्ता रुंदीकरणात तोडलेल्या झाडाच्या ढिगातून फोडून आणलेला. मामांना मागं बसवून तिथं नेलं. ओंडक्याचा दुसरा भाग अजून पडला होता. काळपट, उभ्या भेगांची साल, बाजूच्या फांद्यांना पांढरे जोडकाटे, मण्यांच्या माळेसारख्या शेंगा. मामा गाडीवरून उतरायच्या आधीच म्हणाले, "आरं, ही तर बाभळ!" जन्मभर बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलेला माणूस. काटा नि शेंग दिसली तर लांबून ओळखणार. साल काढलेला गाभ्याचा तुकडा हातात आला आणि डोक्यात मेसेज होता, म्हणून फसले.

आता औषधाचं. मधुमेहावर विजयसार, म्हणजे आपला बिबळा, तपासला गेलाय, आणि मेसेज लिहिणाऱ्यांचा सगळा डोलारा त्यावरच उभा आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचा तो अभ्यास १९९८ साली 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च'मध्ये छापून आला. १२ आठवड्यांत ९७ पैकी ६७ रुग्णांची साखर आटोक्यात आली. पण हे रुग्ण कोण? नुकतंच निदान झालेले. त्यांनी घेतलं काय? ओळख पटलेल्या झाडाचा अर्क, दिवसाला २ ते ४ ग्रॅम मोजून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. तुलनेला दुसरा गट नव्हता. पंधरा वर्षांची साखर असलेल्या माणसानं गोळ्या बंद करून तांब्यात ओंडका बुडवावा, असं त्यात कुठंही नाही. मामांची उपाशीपोटीची साखर त्या दिवशी दोनशेच्या वर निघाली.

नावाचाही घोळ बघा. बिबळा मागायला गेलात आणि समोरच्यानं बिब्बा ऐकलं तर? बिब्ब्याच्या तेलानं कातडीवर फोड येतात.

बाकीच्या खुणा पटकन उरकतो. रंगावर माझा काडीचा विश्वास नाही. फणस नवा कापला तर पिवळाधमक, काही वर्षांनी तपकिरी. हेदही पिवळा. सागाचा कडेचा भाग पांढरट. कडुनिंबाच्या लाल गाभ्याला पॉलिश मारून महोगनी म्हणून दाखवतात. बुडण्याचं तर सोडाच. वाळलेलं शिसव तरंगतं, आणि ओला साग बुडतो. ब्रह्मदेशात सागाच्या उभ्या झाडाची साल खोडाभोवती गोल कापून ते दोन-तीन वर्षं वाळत ठेवायचे, मग तोडायचे, कारण ओला ओंडका नदीत तरंगून येत नसे. सरळ रेषा तर कुठल्याही सरळ वाढलेल्या खोडात मिळतात. सालीचं तेवढं अर्धं खरं. मोठ्या ऐनाची मगरीच्या पाठीसारखी साल बघून मीही ऐन ओळखतो. पण कोवळ्या ऐनाची साल तशी नसते, आणि वखारीत आलेल्या फळीला साल असतेच कुठं?

मी स्वतः ओळखायला जातो तेव्हा टोकाचा आडवा छेद धारदार पटाशीनं गुळगुळीत करतो, पाण्याचं बोट लावतो आणि सोनाराच्या दहापट भिंगातून बघतो. सागात दरवर्षीच्या वलयाच्या सुरुवातीला मोठ्या छिद्रांची रांग दिसते. मामांच्या तुकड्यात तशी रांग नव्हती, छिद्रं सगळीकडं विखुरलेली आणि प्रत्येकाभोवती फिकट कड. बिबळ्याच्या फळीवर तिरप्या उजेडात पाण्यावरच्या लहरींसारख्या बारीक आडव्या रेघा दिसतात, त्याही इथं नव्हत्या. एवढं करूनही अडलो तर तुकडा डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेकडं पाठवता येतो, तिथं सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात.

मामांची गोळी डॉक्टरांना विचारून त्याच संध्याकाळी पुन्हा सुरू झाली. त्यांनी त्या ओंडक्याचे चार तुकडे केले होते. तीन मी गाडीच्या डिकीत टाकून आणले. चौथा भजनी मंडळातल्या एका आजोबांना दिलाय आणि ते फोन उचलत नाहीत. उद्या सकाळी पहिल्या एसटीनं मामा स्वतः त्यांच्या गावी जाणार आहेत.