मुक्काम पोस्ट मॉरिसव्हिल

पुरंदरला होऊ घातलेल्या विमानतळावरून आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गेल्या आठवड्यात पुन्हा जुंपली आणि या खेपेला साक्षीदार म्हणून मला उभं केलं. बाणेरला सोळाव्या मजल्यावर राहणाऱ्या माझ्या आतेभावाने लिहिलं, ‘विमानतळ शेजारी आला की गावाचं काय होतं ते दादाला विचारा. त्याचं अमेरिकेतलं मॉरिसव्हिल बघा. घरापासून दहा मिनिटांवर एअरपोर्ट, घरांना सोन्याचा भाव, वर क्रिकेटचं मैदान. आणि आपले लोक जमिनीच्या सर्वेक्षणाचा ड्रोन दिसला की रस्त्यावर येतात.’ खाली चौदा अंगठे. त्यातले निम्मे अशा लोकांचे, ज्यांनी सासवडच्या पुढे गाडी फक्त जेजुरीसाठी नेलेली आहे.

मग पारगावच्या मामेभावाचा एवढाच मेसेज आला : ‘दादा, तुझ्या घराखाली कोणाचं शेत होतं रे?’

मला दोघांचाही राग आला. आतेभावाचा आधी, कारण त्याला इतिहास माहीत नाही आणि तो माझ्या नावावर खपवतो.

मॉरिसव्हिल हे विमानतळामुळे झालेलं गाव नाही. ते रेल्वेमुळे झालं. 1852 मध्ये जेरिमाया मॉरिस नावाच्या माणसाने नॉर्थ कॅरोलायना रेल्वेला जमीन दिली, तिथे स्टेशन झालं, त्याचं नाव गावाला मिळालं. 1875 मध्ये गावाला सनद मिळाली, 1933 मध्ये मंदीच्या काळात ती काढूनही घेतली, आणि 1947 मध्ये परत दिली. म्हणजे मधली चौदा वर्षं कागदावर गावच नव्हतं. (आपल्याकडे ग्रामपंचायत बरखास्त झाली तर निदान प्रशासक येतो.) इथल्या आरडीयू, म्हणजे रॅले-डरहॅम विमानतळावरून प्रवासी विमानं 1943 पासून उडताहेत. आणि 2000 साली मॉरिसव्हिलची लोकसंख्या किती होती? 5,208. सत्तावन्न वर्षं विमानं डोक्यावरून जात होती आणि खाली गाव वाघोलीच्या एखाद्या सोसायटीएवढं.

त्याहून मजेची गोष्ट पुढे आहे. 1987 मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने आरडीयूला आपलं मोठं केंद्र केलं आणि 1995 मध्ये ते बंद केलं. गाव फुगलं ते त्यानंतर. 2010 मध्ये 18,576 आणि 2020 मध्ये 29,630. का? कारण शेजारी 1959 पासून रिसर्च ट्रँगल पार्क ही संशोधन करणाऱ्या कंपन्यांची वसाहत आहे, तीन बाजूंना ड्यूक, चॅपल हिल आणि एनसी स्टेट ही विद्यापीठं आहेत, लेनोव्होचं अमेरिकेतलं मुख्यालय गावातच आहे आणि आय-40 महामार्ग दाराशी आहे. माणसं नोकरीला आली. त्यांच्यामागे शाळा आल्या, शाळांमागे आमच्यासारखे आले. आज गावात चाळीस टक्क्यांहून जास्त लोक आशियाई वंशाचे आहेत आणि शनिवारी सकाळी कढीपत्ता संपायच्या आत दुकान गाठावं लागतं. चर्च स्ट्रीट पार्कात 2023 मध्ये मेजर लीग क्रिकेटचे सामने झाले तेव्हा मी मुंबईच्या संघाची निळी टोपी घालून बसलो होतो आणि मागे कोणीतरी अस्सल कोल्हापुरीत पंचांना शिव्या देत होतं. हे सगळं विमानतळाने दिलं असं म्हणणं म्हणजे आळंदीची वारी एसटीमुळे सुरू झाली म्हणण्यासारखं आहे.

एवढं मी ग्रुपवर लिहिलं, आकड्यांसकट. आता ते दुसऱ्या बाजूने उचललं. मामेभावाच्या एका मित्राने ते गावातल्या ग्रुपवर टाकलं : ‘अमेरिकेतला आपलाच माणूस म्हणतो विमानतळाने विकास होत नाही.’ मी असं म्हटलेलं नाही. माझ्या गावाचा विकास त्याने झाला नाही, एवढंच म्हटलं. त्याशिवाय तो विमानतळ नसता तर कंपन्या आल्या असत्या का, हेही मी लिहिलं नव्हतं. ते सोयीस्करपणे राहून गेलं.

आणि सोयीचंच बोलायचं तर माझी सोय सांगतो. दर डिसेंबरला आम्ही चौघं इथून फ्रँकफर्टला, तिथून मुंबईला. विमान रात्री उतरतं. मग बाहेर आठ बॅगांसकट टॅक्सीवाला शोधायचा, लोणावळ्याला धाकट्याने ओकायचं, चांदणी चौकात उजाडायचं, आणि सासवडला पोचेपर्यंत आईने केलेले पोहे दुसऱ्यांदा गरम व्हायचे. लोहगावची धावपट्टी हवाई दलाची, तिथे उड्डाणं किती वाढणार. पुण्यासारख्या शहराला स्वतःचा मोठा विमानतळ नसावा हे मला पटत नाही. पुरंदरला झाला तर सासवडच्या घरापासून अर्ध्या तासावर. मला तो हवा आहे. अगदी प्रामाणिकपणे सांगायचं तर वर्षातून तीन आठवड्यांसाठी हवा आहे.

वनपुरी, कुंभारवळण, उदाचीवाडी, एखतपूर, मुंजवडी, खानवडी, पारगाव. सात गावं. आधी विमानतळ चाकण-खेडकडे होणार होता, तिथल्या शेतकऱ्यांनी विरोध केला, मग 2016 मध्ये तो आमच्याकडे आला. खानवडी म्हणजे महात्मा फुल्यांच्या घराण्याचं गाव. पारगाव म्हणजे माझं आजोळ. मामाची तिथे अंजिराची बाग आहे, बांधाला सीताफळं. त्या कोरड्या माळावर पाणी येतं पुरंदर उपसा योजनेतून, म्हणजे पुण्याने वापरून मुळा-मुठेत सोडलेलं पाणी पंपाने वर चढवून. मामाचं एक वाक्य ठरलेलं आहे, ‘पुण्यानं आधी आम्हाला त्यांचं सांडपाणी दिलं, आता त्यांना आमच्यात विमान उतरवायचंय.’ याला माझ्याकडे उत्तर नाही. आतेभावाकडेही नाही, पण तो गप्प बसत नाही.

2025च्या मे महिन्यात ड्रोन सर्वेक्षणावरून पोलिसांच्या लाठ्या चालल्या. तेव्हा मी ग्रुपवर मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की आमच्याकडे असं होत नाही. आमच्याकडे जमिनीचा वापर बदलायचा असेल तर जागेवर पाटी लागते, टाउन हॉलमध्ये सुनावणी होते, प्रत्येकाला माईकवर तीन मिनिटं मिळतात, विमानांच्या आवाजाच्या पट्ट्यात नवी घरं बांधायला गावाच्या नियमातच बंदी आहे. सगळं खरं आहे. ‘आमच्याकडे’ हा शब्दही मी अगदी सहज लिहिला. मामीने त्याखाली हात जोडलेले टाकले होते. तेव्हा मला ते कौतुक वाटलं.

जे लिहिलं नाही ते हे. त्या माईकसमोर मी स्वतः एकदाच उभा राहिलो आहे. आमच्या वस्तीमागच्या झाडीत अपार्टमेंट बांधायचा प्रस्ताव होता. विमानतळावर, गोदामांत, हॉटेलांत काम करणाऱ्या माणसांना परवडतील अशी घरं, असं त्या कागदात म्हटलं होतं. एचओएने, म्हणजे आमच्या वस्तीच्या घरमालक संघटनेने, सगळ्यांना ईमेल पाठवली, लाल टीशर्ट वाटले. मी बोललो. शाळेच्या गाड्यांची रांग, तळ्यातले बगळे, ‘या भागाचं स्वरूप’. तीन मिनिटांत दोनदा बगळे आले. प्रस्ताव मागे घेतला गेला आणि आम्ही रात्री एका शेजाऱ्याच्या डेकवर पिझ्झा मागवला. जेमतेम सहा वर्षं झाली होती तिथे राहायला येऊन. माझ्या झाडीसाठी मी लाल शर्ट घातला, ती माझी नव्हतीही. मामा चार पिढ्यांच्या जमिनीसाठी रस्त्यावर बसला, तर मी त्याला विकासाच्या आड येऊ नका म्हणून लिंक पाठवत होतो.

अजून एक आहे, आणि ते ग्रुपवर कधीच लिहिणार नाही. पारगावच्या सातबाऱ्यावर एके काळी आईचंही नाव लागलं होतं. तिने हक्कसोड करून दिली, तहसीलला जाऊन, हसत, भावाने घेतलेलं नऊवारी नेसून. रीतच आहे, आणि तिला त्यात काही सोडल्यासारखं वाटलं नाही. पण मोबदल्याच्या बातम्या यायला लागल्या तेव्हा एका रात्री, इथे सगळे झोपल्यावर, मी कागद घेऊन बसलो. एकर, दर, आईचा हिस्सा, डॉलर करायला भागिले ऐंशी-पंच्याऐंशी. आमच्या घराच्या कर्जाशी तो आकडा ताडून पाहिला. मग ‘हक्कसोड पत्र रद्द’ असं गुगलवर टाकलं. पहिल्याच पानावर एका वकिलाचा व्हिडिओ होता, मी तो पूर्ण पाहिला. अठरा वर्षं परदेशात त्या मातीची आठवण येते म्हणून मंडळाच्या स्मरणिकेत मी दोन लेख लिहिले आहेत. मातीत माझा कायद्याने काही वाटा निघतो का, हे त्या रात्री पहिल्यांदा बघितलं. सकाळी ब्राउझरची हिस्टरी पुसली, जणू बायको काही वेगळंच समजेल.

तर मामेभावाचा प्रश्न. घराखाली कोणाचं शेत होतं. मी आमचं खरेदीखत काढलं. त्यात आमच्या आधी बिल्डर आहे, आणि बिल्डरच्या आधी एक कंपनी. वस्तीच्या नावात कुरण आहे आणि तळं आहे. तळं बिल्डरने खोदलेलं आहे, पावसाचं पाणी साठवायला. कुरण मला कुठे दिसलेलं नाही. एवढंच कळतं की या भागात तंबाखू आणि कापूस होत असे.

रविवारी अमस्टेड पार्कात गेलो. विमानतळाला खेटूनच हे पाच हजार एकरांवरचं जंगल आहे, आणि आम्ही तिथे ‘निसर्गात’ जातो. ते जंगल जुनं नाही. 1934 मध्ये सरकारने इथल्या कसून कसून निकस झालेल्या जमिनी शेतकऱ्यांकडून विकत घेतल्या, झाडं लावली, आणि 1943 मध्ये राज्याला हा सगळा पसारा एका डॉलरला दिला. वाटेत अजून घरांच्या चुलाण्यांचे दगड सापडतात. कुंपणाच्या आत छोटी कबरस्तानं आहेत, आठ-दहा दगड, त्यातल्या दोन-तिघांवर नुसती नावाची आद्याक्षरं. मुलगी एका दगडावर चढून फोटो काढत होती, तिला खाली उतरवलं. डोक्यावरून डेल्टाचं विमान इतकं खाली गेलं की चाकं दिसली. अशी विमानं आम्ही एरवी मोजत नाही.

खाली क्रॅबट्री ओढ्याजवळ जुन्या गिरणीच्या जात्याची भलीमोठी तळी पडलेली आहे. तिचा फोटो काढला आणि मामेभावाला ग्रुपवर नाही, वेगळा पाठवला. खाली लिहिलं, ‘माझ्या घराखालचं कळलं नाही. पण शेजारी हे सापडलं. इथे दळण व्हायचं, शेतकरी उठून गेले.’

भारतात पहाट होती, तो बागेत असणार. अंजिराचा खट्टा बहार धरलाय त्यांनी या वर्षीपण. पाचच मिनिटांत उत्तर आलं : ‘मागं वढा दिसतोय. पाणी बारमाही आहे का?’

मी ‘हो’ लिहिलं.

बराच वेळ टायपिंग दिसत राहिलं, थांबलं, परत दिसलं. मग नुसतं ‘बरं’ आलं. आणि त्यानंतर, डिसेंबरला नक्की किती तारखेला येताय, मामा विचारतोय, म्हणून.