ऑस्करनंतर रंगभूमीवरच राहिलेले पॉल स्कोफिल्ड

इंग्रज नट पॉल स्कोफिल्ड यांचा विषय निघाला, की 'चित्रपटात टिकून राहिले असते तर कुठल्या कुठे पोहोचले असते' हे वाक्य कोणीतरी उच्चारतेच. मला ते साफ अमान्य आहे, कारण नटाची उंची त्याच्या चित्रपटांच्या यादीवरून मोजायची, हे त्यामागचे गृहीतकच खोटे आहे.

ज्या चित्रपटाने त्यांना जगभर ओळख दिली, तो 'अ मॅन फॉर ऑल सीझन्स' (1966) मुळात रॉबर्ट बोल्ट यांचे नाटक होते. 1960 मध्ये लंडनला आणि पुढच्या वर्षी न्यूयॉर्कला स्कोफिल्ड यांनी त्यात सर थॉमस मोर, म्हणजे राजा आठव्या हेन्रीच्या मर्जीपुढे न झुकल्याने देहदंड झालेला त्याचा माजी चान्सलर, साकारला आणि अमेरिकन रंगभूमीवरचा मानाचा टोनी पुरस्कार 1962 मध्ये मिळवला. म्हणजे कॅमेऱ्यासमोर उभे राहण्याआधीच ही भूमिका त्यांच्या अंगात पूर्ण मुरलेली होती. खटल्याचा प्रसंग पाहा. मोरला फासात अडकवणारी खोटी साक्ष देऊन रिचर्ड रिच निघतो, तेव्हा मोर त्याला थांबवतो, त्याच्या गळ्यातली अधिकारपदाची साखळी निरखतो आणि त्या साक्षीच्या मोबदल्यात रिचला वेल्समधले पद मिळाल्याचे मोरला समजते. इथे संतापाचा स्फोट करण्याचा मोह भल्याभल्यांना आवरला नसता. स्कोफिल्ड मात्र आवाज चढवत नाहीत. सारे जग मिळाले तरी आत्मा विकू नये आणि तू तो वेल्ससाठी विकलास, एवढेच ते जवळजवळ कळवळ्याने म्हणतात, आणि रिचकडे पाहून आपल्यालाच लाज वाटते.

या भूमिकेसाठी त्यांना ऑस्कर मिळाले. 1967 च्या सोहळ्याला ते गेले नाहीत. चित्रपटात त्यांच्या पत्नीची भूमिका करणाऱ्या वेंडी हिलर यांनी पुरस्कार स्वीकारला. त्यानंतर त्यांनी चित्रपट केले, पण मोजकेच. ससेक्समधले आपले घर आणि रंगभूमी त्यांनी सोडली नाही. 'सर' हा किताबही त्यांनी नाकारला, याचे मला फार अप्रूप वाटते.

त्यांची खरी उंची कळते ती शेक्सपिअरच्या लिअरमध्ये, मुलींना राज्य वाटून देऊन बेघर होणाऱ्या म्हाताऱ्या राजाच्या भूमिकेत. पीटर ब्रूक यांनी 1962 मध्ये स्ट्रॅटफर्डला 'किंग लिअर' बसवले तेव्हा स्कोफिल्ड अवघे चाळीस वर्षांचे होते आणि लिअर ऐंशी ओलांडलेला. आपल्याकडे लिअर म्हटले की अप्पासाहेब बेलवलकर आठवतात, आणि मुलांनी टाकलेल्या बापासाठी आपला जीव आधीपासूनच तुटू लागतो. ब्रूक आणि स्कोफिल्ड यांनी ही सहानुभूती सुरुवातीला मिळूच दिली नाही. थोरली मुलगी गॉनरिल हिच्या घरात लिअरचे सरदार खरोखरच धुडगूस घालत, लिअर स्वतः जेवणाचे टेबल उलथून टाकी, आणि मुलीची तक्रार प्रेक्षकालाही रास्त वाटू लागे. असा ताठर, हेकट म्हातारा वादळात उघडा पडतो तेव्हा वाटणारी करुणा त्या नटाने कष्टाने कमावलेली असते. ती आयती हाती आलेली नसते. रॉयल शेक्सपिअर कंपनीच्या नटांनी 2004 मध्ये शेक्सपिअरच्या नाटकांतला सर्वश्रेष्ठ अभिनय म्हणून याच लिअरची निवड केली, यात मला मुळीच आश्चर्य वाटत नाही.

रंगभूमीवरच राहण्याच्या त्यांच्या निवडीची किंमत मोठी होती, हे मात्र मान्य केले पाहिजे, आणि ती त्यांच्यापेक्षा आपणच अधिक मोजली. 1979 मध्ये लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये संगीतकार मोत्सार्टवरच्या 'अमेडिअस' या नाटकाचा पहिला प्रयोग झाला, त्यात मोत्सार्टवर जळणारा संगीतकार सालिएरी होते स्कोफिल्ड. 1984 च्या चित्रपटात ती भूमिका एफ. मरी एब्रहम यांनी केली, उत्तम केली आणि ऑस्करही मिळवले. स्कोफिल्ड यांचा सालिएरी पडद्यावर उतरलाच नाही. लिअरवर ब्रूक यांनी 1971 मध्ये स्कोफिल्ड यांनाच घेऊन चित्रपट काढला, पण तो त्या प्रयोगाहून वेगळा आहे. ज्यांनी ते प्रयोग पाहिले त्यांचा मला मनापासून हेवा वाटतो. तरीही, जे टिपले गेले नाही ते वाया गेले, असे म्हणायला मी तयार नाही. त्या संध्याकाळी समोर बसलेल्या माणसांसाठीच ते काम होते.

उतारवयातले त्यांचे छोटे कामही चुकवू नये. 'क्विझ शो' (1994) मध्ये ते कवी-प्राध्यापक मार्क व्हॅन डोरेन झाले आहेत. रात्री स्वयंपाकघरात मुलासोबत केक खाताना हा बाप किती निर्धास्त आहे! त्याच मुलाने दूरचित्रवाणीवरच्या प्रश्नमंजूषेतली आपली लबाडी कबूल केली, की तो आधी गोंधळतो, मग संतापतो, आणि तू वापरलेले नाव माझेही आहे, असे त्याला सुनावतो. थोडक्या प्रसंगांच्या या कामासाठी त्यांना पुन्हा ऑस्करचे नामांकन मिळाले.

ज्यांना त्यांचा लिअर अनुभवायचा आहे त्यांच्यासाठी ध्वनिमुद्रणाचा मार्ग खुला आहे. ऐंशीच्या उंबरठ्यावर, म्हणजे जवळजवळ लिअरच्याच वयात, त्यांनी हे नाटक नॅक्सॉस या ध्वनिमुद्रण कंपनीसाठी संपूर्ण ध्वनिमुद्रित केले. वादळाचा प्रवेश तर ऐकाच, पण त्याआधी मुली सरदारांची संख्या घटवत नेतात तो प्रवेश ऐका. तिथे हा आवाज आज्ञा देता देता सौदा करू लागतो, आणि आपण सौदा करतो आहोत हे लिअरला कळायच्या आत आपल्याला कळते.