‘गोळीने आईचे दूध विषारी होते’ असे सांगणाऱ्या संदेशाला उत्तर

आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक संदेश फिरतो आहे. बाळंतपणानंतरचे नैराश्य हे मोबाइलच्या काळातले खूळ आहे, आपल्या आज्यांना ते कधी झाले नाही, सव्वा महिना नीट पाळला तर ते होतच नाही आणि त्यावरची गोळी घेतली की आईचे दूध विषारी होते, असे त्यात म्हटले आहे. नागपुरात मानेवाड्याला राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीने तो वाचून, नैराश्यावरच्या गोळ्या सुरू केल्याच्या पाचव्याच दिवशी त्या बंद केल्या आणि उरलेली पट्टी दुपट्यांच्या चळतीखाली लपवली. रात्री दोन वाजता तिने मला फोन करून विचारले, ‘ताई, माझं दूध खराब झालं असेल का गं?’

म्हणून दुधाचाच मुद्दा आधी घेते. सर्ट्रालिनसारखे नैराश्यावरचे औषध दुधात उतरते हे खरे, परंतु ते इतके अल्प असते की अंगावर पाजणाऱ्या आईसाठी डॉक्टर पुष्कळदा तेच निवडतात. त्याचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, त्यामुळे पाचव्या दिवशी काहीच फरक जाणवला नाही तर त्यात नवल नाही. मात्र तेव्हाच औषध सोडले तर आजार तसाच बळावत राहतो. जी आई जेवत नाही, बाळ झोपले तरी झोपू शकत नाही आणि त्याला मांडीवर घेताच रडू लागते, तिचे औषध तोडून बाळाचे कोणते भले होणार आहे?

आज्यांनाही हे होत असे. तेव्हा ‘बाहेरचं लागलं’ म्हणून लिंबू उतरवून टाकत. जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात 2017 साली आलेल्या आढाव्यात भारतातील 38 अभ्यास आणि 20,043 माता होत्या, आणि नैराश्याचे प्रमाण 22 टक्के निघाले. त्यात नोंदलेल्या प्रमुख कारणांत पैशाची ओढाताण, घरातली मारहाण, नवऱ्याची साथ नसणे आणि मुलगी होणे ही आहेत, मोबाइल नाही.

सव्वा महिन्याची गोष्ट अर्धी खरी आहे, हे मान्य करावे लागते. विश्रांती आणि आयते गरम ताट यांचा आधार मोठा असतो, परंतु डिंकाच्या लाडवाने नैराश्य बरे होत नाही.

पहिल्या दोन आठवड्यांतले रडू बहुधा आपोआप ओसरते. त्यापुढेही ते राहिले तर ‘मेडिकल’च्या, म्हणजे नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातील मानसोपचार विभागात जावे किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या 14416 या मोफत क्रमांकावर बोलावे. स्वतःला वा बाळाला इजा करण्याचे विचार येत असतील, भास होत असतील, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे आणि तिला क्षणभरही एकटी सोडू नये.

बहिणीने डॉक्टरांना विचारून गोळी पुन्हा सुरू केली आहे. रात्री पाजून झाले की बाळाला खांद्यावर घेऊन ढेकर काढण्याचे काम आता तिचा नवरा करतो.