तुकाराम ओंबळे यांची नोकरी

पोलीस भरतीच्या पेपरात तुकाराम ओंबळे हमखास असतात. २६/११ च्या मुंबई हल्ल्यातल्या अजमल कसाबला पकडताना कोण शहीद झाले, ओंबळे यांना मरणोत्तर कोणता सन्मान मिळाला, असे सरळ प्रश्न. पर्यायांत कीर्तिचक्र, शौर्यचक्र, परमवीरचक्र आणि अशोकचक्र. आमच्या लातूर-नांदेड-बीडकडच्या लेकरांना झोपेतून उठवून विचारलं तरी ती बरोबर गोल काळा करतील. मी भरतीच्या पोरापोरींना सामान्य ज्ञान शिकवते, तेव्हा हा मार्क मीही त्यांच्या पदरात घालते आणि घालत राहीन, कारण मेरिट एकेका मार्कावर अडतं. पण त्याच लेकरांना विचारा की ओंबळे त्या रात्री चौपाटीवर कशासाठी उभे होते, पोलिसात कधी आले, त्याआधी काय करत होते, हुद्दा काय होता. वर्ग गप्प होतो. शेवटचं एक मिनिट सगळ्यांना पाठ, त्याआधीची नोकरी कुणालाच ठाऊक नाही. आणि माझ्यासमोर बसलेल्यांना करायची आहे ती नोकरीच. म्हणून आज जरा लांब लिहिते आहे.

सातारा जिल्ह्यातल्या जावळी तालुक्यातलं केडंबे हे त्यांचं गाव. ओंबळे आधी सैन्यात होते, सिग्नल कोअरमध्ये. म्हणजे निरोप पोचवणं, संपर्क तुटू न देणं हे काम. नाईक म्हणून तिथून निवृत्त झाले आणि १९९१ मध्ये मुंबई पोलिसात लागले. एक वर्दी उतरवून दुसरी चढवलेली अशी माणसं आपल्याही गावोगाव आहेत. फौजेतून आल्यावर घरी बसून राहता येत नाही, मुलांची शिक्षणं आणि लग्नं समोर असतात, आणि शिस्तीची सवय लागलेली असते.

१९९१ ते २००८ या वर्षांत मुंबईने काय काय पाहिलं ते आठवा. १९९२-९३ च्या दंगली, मार्च १९९३ चे बॉम्बस्फोट, २६ जुलै २००५ चा पूर, ११ जुलै २००६ चे लोकलमधले स्फोट. त्या काळात त्या शहरात वर्दी घालून नोकरी करणं म्हणजे काय असेल याची कल्पना आपण करू शकतो. एरवी मग रोजचं: बंदोबस्त, रात्रगस्त, समन्स, पंचनामे, कोर्टाच्या तारखा, गणपती, निवडणुका. २००८ मध्ये ते डी. बी. मार्ग पोलीस ठाण्यात सहायक फौजदार होते. ज्यांना पोलिसातली उतरंड माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, तेव्हा शिपाई, नाईक, हवालदार आणि मग सहायक फौजदार असा क्रम होता. शिपाई म्हणून लागलेल्या माणसाला हा हुद्दा उतारवयातच मिळतो, केस पिकायला लागल्यावर. ओंबळे यांनी पन्नाशी ओलांडली होती. चार मुलींचे वडील. ठाण्यातल्या जुन्या जाणत्यांपैकी एक.

आता ती रात्र. २६ नोव्हेंबर संपून २७ तारीख लागली होती. कसाब आणि इस्माईल खान यांनी सीएसटी स्थानकात माणसं मारली, कामा रुग्णालयाकडे गेले, रंगभवनच्या गल्लीत हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर यांच्या गाडीवर गोळ्या झाडल्या आणि तीच पोलीस गाडी घेऊन निघाले. त्या गाडीच्या मागच्या भागात अरुण जाधव नावाचे पोलीस जखमी होऊन सहकाऱ्यांच्या देहांखाली पडून होते. टायर निकामी झाल्यावर हल्लेखोरांनी गाडी सोडली आणि रस्त्यावरच्या एकाची स्कोडा हिसकावली. ते गेल्यावर जाधवांनी तशा अवस्थेत वायरलेसवरून नियंत्रण कक्षाला खबर दिली. त्यांचं नाव पेपरात सहसा येत नाही, म्हणून इथे मुद्दाम लिहिलं.

चंदेरी रंगाची स्कोडा गिरगाव चौपाटीकडे येते आहे, हे वायरलेसवरून नाक्यावर कळलं. डी. बी. मार्ग ठाण्याच्या माणसांनी बॅरिकेड लावून रस्ता धरलेला होता. गाडी आली, थोड्या अंतरावर थांबली. समोरचे दिवे लख्ख, काचेवर पाण्याचे फवारे आणि वायपर चालू, म्हणजे आत किती जण आहेत, काय करत आहेत ते बाहेरच्याला दिसू नये. मग गाडी वळवायचा प्रयत्न झाला आणि ती दुभाजकावर चढून अडकली. दोन्हीकडून गोळीबार झाला, चालवणारा इस्माईल त्यात मारला गेला. दुसऱ्या बाजूने कसाबने शरण आल्यासारखं केलं आणि बंदूक उचलली. ओंबळे त्याच्या सगळ्यात जवळ होते. हातात काठी आणि वॉकीटॉकी. त्यांनी एके-४७ ची नळी दोन्ही हातांनी धरली आणि सोडली नाही. गोळ्या त्यांच्या पोटात गेल्या. नळी त्यांच्याकडे वळलेली होती म्हणून ती दुसऱ्या कुणाकडे वळली नाही, आणि तेवढ्या वेळात बाकीचे कसाबवर तुटून पडले. सहायक निरीक्षक संजय गोविलकर यांनाही गोळी लागली.

दर २६ नोव्हेंबरला आपल्या सगळ्या ग्रुपांवर एकच वाक्य फिरतं: हातात फक्त काठी होती तरी भिडले. वाक्य खरं आहे. पण ते अभिमानाने पुढे पाठवताना कुणी विचारत नाही की काठीच का होती? एके-४७ घेतलेल्या माणसाची गाडी अडवायला पाठवलेल्या नाक्यावर दोन-चार छोटी हत्यारं आणि बाकी काठ्या, हे काही ओंबळे यांनी निवडलेलं नव्हतं. हल्ल्यानंतर सरकारने राम प्रधान आणि व्ही. बालचंद्रन यांची समिती नेमली. त्या समितीसमोर पोलिसांच्या गोळीबार सरावाचा प्रश्न आला, आणि दारूगोळा पुरेसा मिळत नसल्याने हा सराव नीट होत नव्हता हे पुढे आलं. शौर्याचं कौतुक करता करता आपण साधनांच्या टंचाईचंही कौतुक करायला लागतो. मला हे मान्य नाही. माझी पोरं उद्या कुठल्याशा नाक्यावर उभी राहतील, तेव्हा त्यांच्याकडे काठीच असावी म्हणजे गोष्ट जास्त उठून दिसेल, असं त्यांच्या एकाही आईला वाटणार नाही.

दुसरी गोष्ट मी वर्गात जास्त वेळ सांगते, कारण ती परीक्षेला येत नाही. कसाब जिवंत सापडला. समोर आपला माणूस रक्तात पडलेला, हातात काठ्या, आणि ज्याने हे केलं तो पायाशी. त्या क्षणी त्या पोलिसांनी त्याला तिथेच संपवलं असतं तर देशात कुणी जाब विचारला नसता. त्यांनी मारहाण केली, बेशुद्ध केला, पण जिवंत ठेवला आणि रुग्णालयात पोचवला. त्यामुळे कट कुठे शिजला, माणसं कुठे तयार झाली, बोटीतून कशी आली, हे न्यायालयात पुराव्याने मांडता आलं. मे २०१० मध्ये विशेष न्यायालयाने त्याला दोषी धरून फाशी सुनावली, ऑगस्ट २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली आणि २१ नोव्हेंबर २०१२ ला येरवड्यात अंमलबजावणी झाली. त्याच खटल्यात दोन भारतीय आरोपी पुराव्याअभावी निर्दोष सुटले, हेही मी सांगते. एवढ्या मोठ्या जखमेनंतरही कोर्टाने पुरावा तपासला. वर्दीत राग गिळावा लागतो. परभणीत २०२४ च्या डिसेंबरात पोलिसांनी पकडलेल्या सोमनाथ सूर्यवंशींचा कोठडीत मृत्यू झाला, ते आपण मराठवाड्यातली माणसं विसरलेलो नाही आणि विसरूही नये. म्हणूनच भरतीला निघालेल्या पोराला ओंबळे यांच्या धाडसासोबत त्यांच्या सहकाऱ्यांचा तो संयमही शिकवायला हवा.

आता आपल्याकडचं. ज्यांनी कधी पहाटे आमच्याकडच्या भरतीच्या मैदानावर पाय ठेवलेला नाही त्यांना ही नोकरी म्हणजे काय ते कळायचं नाही. फक्कीने आखलेला ट्रॅक, पोरांना १६०० मीटर, पोरींना ८००. कुणाचे बूट फाटलेले, कुणाच्या रुमालात रात्री भिजवलेले हरभरे. वर्गात कोण कुठल्या जिल्ह्याला फॉर्म टाकणार याच्या चर्चा, कारण आपल्याकडच्या जिल्ह्यांत जागा थोड्या आणि गर्दी फार. मग मुंबईला, ठाण्याला फॉर्म. ग्राउंड पन्नास मार्कांचं, लेखी शंभराची. कोरडवाहू रानात सोयाबीन काढून थकलेला बाप पोराला म्हणतो, वर्दी चढली की मी सुटलो. मुंबईच्या नाक्यांवर उभी असलेली कितीतरी लेकरं आपल्या गावांतून गेलेली आहेत.

माझा एक जुना विद्यार्थी आता मराठवाड्यातल्याच एका जिल्ह्यात शिपाई आहे. दिवाळीला भेटायला आला तेव्हा मी त्याला नाकाबंदी कशी करतात ते विचारलं. त्याने समोरच्या टेबलावर चहाचे कप मांडले आणि दाखवलं. बॅरिकेड सरळ रेषेत लावायचे नाहीत, पुढेमागे लावायचे, म्हणजे गाडीला वळण घेत हळू यावंच लागतं. बोनेटसमोर उभं राहायचं नाही. चेहऱ्याआधी हात बघायचे. "मॅडम, गाडी थांबली म्हणून जवळ जायचं नसतंय. इंजिन बंद झालं की मग ती थांबली." ऊसतोडीच्या हंगामात रात्रभर ट्रॅक्टर-ट्रॉल्या येतात, मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, आणि त्यांच्या मागून एखादी भरधाव गाडी आली तर सगळ्यात आधी चेंगरतो तो रस्त्यावर उभा असलेला पोलीसच. त्याला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते, असं विचारलं. मला वाटलं गुन्हेगारांची म्हणेल. तो म्हणाला, दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याची.

अशा नाक्यावर आपण कसे वागतो? काच अर्धी खाली. "साहेबांना फोन लावू का?" "ओळखलं नाही का?" पुढाऱ्याच्या नावाची पाटी गाडीवर असली की हवालदाराने सलाम ठोकून बाजूला व्हावं ही अपेक्षा. नाक्यावर चिरीमिरी चालते हेही मला माहीत आहे, ते झाकायचं कारण नाही, आणि घेणाऱ्याला शिक्षा व्हायलाच हवी. पण दोन मिनिटं गाडी थांबवायला लागली म्हणून चिडणाऱ्यात चिरीमिरीला कंटाळलेले किती आणि थांबायचीच सवय नसलेले किती, ते प्रत्येकाने स्वतःला विचारावं. गिरगाव चौपाटीवरचा नाकाही असाच एक नाका होता. तिथेही संध्याकाळी कुणीतरी वैतागलं असेलच.

ड्युटीच्या तासांचंही बोलायला हवं. २०१६ मध्ये मुंबईत देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला, तोही एका शिपायाने स्वतः कागदावर गणित मांडून वरिष्ठांना पटवल्यामुळे. केवढी मोठी गोष्ट आहे ही! आपल्या तालुक्यांच्या ठाण्यांत मात्र तुळजापूरचं नवरात्र, परळीची महाशिवरात्र, पैठणची नाथषष्ठी, मोर्चे, निवडणुका यांचे बंदोबस्त एकामागून एक लागतात आणि रजेचे अर्ज पडून राहतात. पहाटेचे तीन वाजलेत, सोळावा तास चालू आहे, अशा माणसाकडून आपण चपळाईची आणि गोड बोलण्याची, दोन्हींची अपेक्षा करतो.

ओंबळे यांचा सन्मान देशाने केला. २६ जानेवारी २००९ ला त्यांच्या पत्नीने राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते अशोकचक्र स्वीकारलं. चौपाटीवर पुतळा उभा राहिला. २०२१ मध्ये संशोधकांनी ठाणे-कल्याण परिसरात सापडलेल्या कोळ्याच्या एका नव्या जातीला त्यांचं नाव दिलं, इसियस तुकारामी. हे वर्गात सांगितलं की पोरं चटकन वहीत लिहून घेतात, पुढच्या पेपरला येईल म्हणून. लिहून घ्या, बरंच आहे.

यंदा दोन गोष्टी ठरवल्या आहेत. २१ ऑक्टोबरला प्रत्येक जिल्ह्याच्या पोलीस मुख्यालयात स्मृतिदिन असतो. १९५९ मध्ये लडाखच्या हॉट स्प्रिंग्सजवळ चिनी सैन्याच्या हल्ल्यात दहा पोलीस जवान गेले, त्या दिवसाची आठवण. वर्षभरात देशात कर्तव्यावर मरण आलेल्या पोलिसांची नावं तिथे वाचली जातात. परवानगी मिळाली तर माझा वर्ग त्या सकाळी तिथे नेणार आहे, सगळी नावं संपेपर्यंत उभं राहायचं. आणि २६ नोव्हेंबरला आमच्याकडे भाषण नाही. ओळखीच्या एका सहायक फौजदारांना बोलावलं आहे, मैदानावर बॅरिकेड लावून नाकाबंदी शिकवायला. त्या दिवशी संविधान दिनाचा बंदोबस्त लागला तर त्यानंतरच्या रविवारी सकाळी येतो म्हणालेत. लातूरकडच्या दुसऱ्या अकॅडमीतली लेकरं आली तरी चालेल, मैदान मोठं आहे. ज्यांना यायचं आहे त्यांनी इनबॉक्सला कळवा, आणि बूट घालून या.