गप्प बसलेलं मूल

साताऱ्याला माझ्या पाच वर्षांच्या भाचीची दुधाची दाढ किडली होती. दवाखान्यात ताईने तिचे हात धरले, मदतनीस बाईंनी डोकं धरलं आणि दाढ भरून झाली. घरच्या ग्रुपवर काका म्हणाले, "आमच्या वेळी कुठे होती ही नाटकं?" ताईने लिहिलं, "रडून रडून शेवटी गप्प बसली."

त्या 'गप्प बसली'ने मला दोन दिवस स्वस्थ बसू दिलं नाही. घाबरून दमलेलं मूल गप्प होतं, तेव्हाही त्याची छाती धडधडत असू शकते, तळहात घामाने ओले असू शकतात. भीतीने दुखणंही जास्त जाणवतं. म्हणजे पुढच्या खेपेला भाची दवाखान्यातली खुर्ची बघूनच रडायला लागणार.

इथे स्कॉटलंडमध्ये, ग्लासगोला माझ्या मुलाच्या पहिल्या भेटीत डॉक्टरबाईंनी फक्त दात मोजले. दुसऱ्या भेटीत फिरता ब्रश आधी त्याच्या नखावर फिरवून दाखवला. "डावा हात वर केलास की मी थांबेन," म्हणाल्या. त्याने तीनदा हात वर केला, नुसतं बघायला. तिन्ही वेळा त्या थांबल्या. मग किडलेल्या दाढेवर स्टीलची कॅप बसवली, ड्रिल नाही की इंजेक्शन नाही. ही 'हॉल' पद्धत स्कॉटलंडचीच. प्रत्येक किडलेल्या दाढेला ती चालत नाही, पण चालते तिथे मुलाचा केवढा त्रास वाचतो!

इथलं सगळं चांगलं, असं मी म्हणणार नाही. नवे पेशंट घेणारा एनएचएसचा, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेचा, दवाखाना मिळायला आम्हाला आठ महिने लागले. शेजारच्या इंग्लंडमध्ये तर ५ ते ९ वर्षांची मुलं हॉस्पिटलात दाखल होण्याचं सर्वांत मोठं कारण किडलेले दात हेच आहे. साताऱ्यात ताईला त्याच संध्याकाळी नंबर मिळाला.

पण ज्या भेटीत नुसते दात मोजले, तिचे पैसे आपण खुशीने देतो का? "काहीच केलं नाही, मग फी कसली?" असं म्हणणारे आपणच. बाहेर वीस जण ताटकळत बसलेले असताना डॉक्टर एका मुलासाठी तीनदा थांबणार कसे? तो वेळ आपणच मागायला हवा आणि त्याचे पैसेही द्यायला हवेत. आणि घरी "गप्प बस, नाहीतर डॉक्टर सुई टोचतील" हे आजपासून बंद.

ताई, दुसऱ्या दाढेसाठी जाशील तेव्हा आधी फोन करून विचार, "पहिल्या दिवशी फक्त ओळख करून द्याल का?" आणि तिला "अजिबात दुखणार नाही" असं सांगू नकोस. दुखलं तर हात कसा वर करायचा, ते शिकव.