होमोसिस्टीन २८ वरून ११ वर आलं, मग हृदयाचा धोका गेला का?

नमस्कार. तुमचं म्हणणं असं : होमोसिस्टीन (रक्तातलं एक अमिनो आम्ल) २८ होतं, बी-१२च्या गोळ्यांनी ११ वर आलं, म्हणजे हार्ट अटॅकचा धोका कमी झाला, तरीही 'हृदयाच्या पॅकेजमध्ये ही तपासणी नको' असं मी लिहिणं बेजबाबदारपणाचं आहे.

गोळ्या घेतल्यात ते योग्यच केलंत. पण आकडा उतरला म्हणून धोकाही उतरला, असं धरून चालता येत नाही. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या होप-२ चाचणीत ५,५२२ रुग्ण होते. त्यातल्या निम्म्यांना सुमारे पाच वर्षं रोज २.५ मिलिग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड, ५० मिलिग्रॅम बी-६ आणि १ मिलिग्रॅम बी-१२ दिलं. होमोसिस्टीन उतरलं, पण हार्ट अटॅक आणि हृदयविकाराचे मृत्यू काही लक्षणीय घटले नाहीत. त्याच वर्षीच्या नॉर्वेतल्या नॉर्विट चाचणीत आकडा २७ टक्क्यांनी खाली आला, फायदा नाही. पक्षाघाताचं मात्र वेगळं आहे. चीनमध्ये रक्तदाबाच्या वीस हजारांवर रुग्णांना एनालाप्रिल या रक्तदाबाच्या गोळीसोबत ०.८ मिलिग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड दिलं, तेव्हा पहिल्या पक्षाघाताचं प्रमाण ३.४ वरून २.७ टक्क्यांवर आलं (२०१५). तिथल्या पिठात फॉलिक अ‍ॅसिड मिसळत नसत, म्हणजे आहारातून ते कमीच मिळत होतं, हे विसरू नका.

मग तुमचे २८ सांगत काय होते? बहुधा बी-१२ची कमतरता. पुण्यात मधुमेह-संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने ४४१ मध्यमवयीन पुरुष तपासले, तेव्हा ६७ टक्क्यांमध्ये बी-१२ कमी आणि ५८ टक्क्यांमध्ये होमोसिस्टीन १५च्या वर निघालं. शाकाहार हे त्यातलं मोठं कारण. मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी चालू असेल तर आणखी एक. ही कमतरता भरायची ती मज्जातंतूंसाठी आणि रक्तासाठी. हृदयाचं नाव घ्यायची गरजच नाही.

आता नमुन्याविषयी, कारण खरी गडबड इथे होते. रक्त काढल्यावरही लाल पेशी होमोसिस्टीन सोडत राहतात; साध्या तापमानाला तासाला साधारण दहा टक्के. सकाळी सातला घरून नमुना घेणारा मुलगा आणखी आठ घरं करून दहाला लॅबमध्ये पोचला, तर खरे २१ असलेले रिपोर्टात २७च्या घरात दिसतात. म्हणून ट्यूब बर्फात हवी, किंवा तासाभरात सेंट्रिफ्यूज करून (यंत्रात वेगाने फिरवून) प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला द्रव भाग, वेगळा व्हायला हवा. लॅबला हे विचारा. गोंधळलेलं उत्तर आलं तर त्या आकड्यावर भरवसा ठेवू नका.

आकडा खरोखर वर असेल तर बी-१२सोबत क्रिएटिनिन आणि टीएसएचही बघावं. मूत्रपिंड मंदावलं किंवा थायरॉइड कमी पडलं तरी होमोसिस्टीन चढतं. बी-१२ न तपासता नुसतं फॉलिक अ‍ॅसिड सुरू करू नये : हिमोग्लोबिन सुधारतं आणि बी-१२च्या कमतरतेने येणाऱ्या पायांच्या मुंग्या तशाच वाढत राहतात. बी-६चे मोठे डोस महिनोन्महिने घेतले तर त्यानेही मुंग्या येतात, मग दोष कशाचा ते कळत नाही.

११ आल्यावर दर तीन महिन्यांनी परत मोजायची गरज नाही. शाकाहारी असाल तर बी-१२ मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू नका, आणि हृदयाची काळजी असेल तर ते पैसे एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) आणि एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) या तपासण्यांवर घाला.