५४ व्या वर्षी

"आता या वयात कशाला?" मोडी लिपीच्या वर्गात नाव घातलं तेव्हा घरच्यांपासून शेजारणीपर्यंत सगळ्यांनी मला हेच विचारलं. मी ५२ वर्षांची आहे. तेव्हापासून शार्लट टकर, भारतात आलेली इंग्रज लेखिका आणि मिशनरी, मनातून जात नाही, म्हणून आज तिच्याबद्दल लिहिते.

तिचा जन्म १८२१ सालचा, इंग्लंडमधला. वडील ईस्ट इंडिया कंपनीचे चेअरमन. घरात कशाला कमी नव्हतं, पण तिचं पहिलं पुस्तक आलं ते १८५१ मध्ये वडील वारल्यानंतर, म्हणजे तिशी ओलांडल्यावर. त्यावरही नाव नाही. 'ए. एल. ओ. ई.' एवढीच अक्षरं: 'अ लेडी ऑफ इंग्लंड'. पुढे तिने शंभराहून जास्त पुस्तकं लिहिली, बहुतेक मुलांसाठी.

रॉबर्ट या भावाची मुलं टकर बहिणींनी सांभाळली. हा भाऊ फतेहपूरला न्यायाधीश होता आणि १८५७ च्या उठावात तिथेच मारला गेला. ज्या मातीत भाऊ गेला त्याच देशात ती १८ वर्षांनी यायला निघाली. मी या वाक्यापाशी दरवेळी थांबते. वय ५४, लग्न केलेलं नाही, मिशनचा पगार नाही, सगळा खर्च स्वतःचा. निघण्याआधी ती हिंदुस्थानी शिकली. आधी अमृतसर, मग बटाला. जनान्यातल्या बायकांकडे जायचं, बोलायचं, वाचून दाखवायचं, आणि इथल्या भाषांत उतरवता येतील अशा छोट्या गोष्टी लिहायच्या. परत इंग्लंडला ती गेलीच नाही.

तिचं सगळं मला पटतं असं नाही. समोरच्या बाईचा धर्म चुकीचा आणि आपलाच खरा, हे मनात पक्कं धरूनच ती त्या उंबऱ्यांच्या आत जात होती. आज ते मला खुपतं. तिच्या गोष्टींतही उपदेश फार, कथा त्याखाली दबते. पण मिशनरी म्हटलं की आपण एकतर हात जोडतो नाहीतर शिव्या घालतो, आणि या दोन्हींत ती बाईच दिसेनाशी होते. त्या काळात एकट्या बाईने उतारवयात परक्या भाषेत नव्याने अडखळायला तयार होणं, याला मी मोठं धाडस मानते. त्यासाठी मला तिचा धर्म स्वीकारावा लागत नाही, की तिचा हेतू झाकावा लागत नाही.

२ डिसेंबर १८९३ ला ती अमृतसरला वारली. तिने आधीच सांगून ठेवलं होतं: शवपेटी नको, आणि दफनाला ५ रुपयांपेक्षा जास्त खर्च नको. कंपनीच्या चेअरमनची लेक! तिच्या इच्छेप्रमाणे तिला बटाल्याला पुरलं.

पुढच्या हिवाळ्यात अमृतसरला जायचं ठरतंय. तिथून बटाला फार लांब नाही. कुणी गेलं असेल तर कसं जायचं ते सांगा.